वनस्पतींचे अर्क आणि क्षयाचे जंतू : संशोधक, मार्गदर्शक आणि संपादकांना खुले पत्र

प्रति,
औषधी वनस्पतींच्या अर्कांची क्षयजंतूंवर चाचणी घेणारे संशोधक, त्यांचे मार्गदर्शक आणि त्यांचे निबंध प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली अठरा वर्षे मी क्षयजंतूंच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. त्यांतली पहिली नऊ वर्षे वनस्पतींचे अर्क या जंतूंवर तपासण्यात गेली आणि पुढची नऊ रुग्णांच्या थुंकीतले जंतू वाढवून ते कोणत्या औषधाला दाद देतात, हे पाहण्यात. त्यामुळे आपल्या निबंधांच्या शेवटी हमखास येणारे एक वाक्य मला दोन्ही बाजूंनी वाचावे लागते. ते वाक्य साधारण असे असते : ‘सदर वनस्पतीच्या अर्कात क्षयरोगविरोधी गुणधर्म असल्याचे सिद्ध झाले आहे.’ हे पत्र त्या वाक्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण थुंकीचा नमुना द्यायला आमच्या खिडकीशी आला होता. त्याची ही दुसरी खेप होती. पहिल्या वेळी त्याचे जंतू सगळ्या औषधांना दाद देणारे निघाले होते आणि सहा महिन्यांचे नेहमीचे उपचार त्याला सुरू झाले होते. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढले, पण गोळ्यांनी मळमळ होत होती. तेव्हा त्याने गोळ्या आधी अधूनमधून चुकवल्या आणि मग सोडूनच दिल्या, आणि एका पाल्याचा काढा सुरू केला. ‘हे बघा, यावर संशोधन झालंय,’ असे म्हणत त्याने खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला. घडीवर शाई पुसट झाली होती, पण वनस्पतीचे नाव आणि ‘क्षयरोगविरोधी’ हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. त्याच्या दुसऱ्या नमुन्यातले जंतू रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या प्रमुख औषधाला दाद देईनासे झाले होते. काढ्याने त्याला अपाय केला, असे मी म्हणत नाही. अपाय झाला तो गोळ्या अनियमित घेतल्यामुळे आणि मध्येच सोडल्यामुळे. पण सोडायचा धीर त्याला त्या कागदाने दिला, आणि तो कागद आपल्यापैकीच कोणीतरी लिहिलेल्या निबंधाचा सारांश होता.

मी तो निबंध मिळवून वाचला. आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या घन माध्यमाच्या, प्लेटवर पाडलेल्या भोकात पाल्याचा अर्क ओतला होता. प्लेटवर वाढवलेला जीव होता मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, म्हणजे क्षयजंतूचा लवकर वाढणारा आणि सहसा रोग न करणारा नातलग. भोकाभोवती जंतू न वाढलेले एक वर्तुळ दिसले, त्याचा व्यास मोजला, आणि शेवटच्या परिच्छेदात ते वाक्य आले. प्रयोगात लबाडी कुठेच नव्हती. केलेले काम आणि काढलेला निष्कर्ष यांच्यात मात्र फार मोठे अंतर होते, आणि ते अंतर त्या तरुणाला दिसण्याचा काही मार्ग नव्हता.

वनस्पतींकडून औषध मिळेल यावर माझा विश्वास आहे, आणि तो भाबडा नाही. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतूनच आले. चीनमधल्या संशोधिका तू यूयू यांच्या गटाला आधी अर्काचा गुण एकसारखा मिळत नव्हता. जुन्या वैद्यकग्रंथात ती वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये हवा तो परिणाम दिसला. क्षयावरची औषधेही निसर्गातून आली आहेत. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतल्या एका जिवाणूतून मिळाले, आणि रिफॅम्पिसिनचे मूळ फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या पाइनच्या रानातल्या, १९५७ मध्ये गोळा केलेल्या मातीत आहे. नव्या औषधांची गरज तर आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख माणसे त्याने दगावली. म्हणूनच या शोधातले प्रत्येक वर्ष आणि प्रत्येक विद्यार्थ्याची मेहनत वाया जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

परीक्षानळीत जंतू थांबणे आणि रोग बरा होणे यांतला फरक या क्षेत्राला पहिल्या दिवसांपासून माहीत आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला, आणि त्यानंतर ते स्वतः जंतूची वाढ रोखणारी द्रव्ये शोधायला लागले. ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी अशा द्रव्यांची यादी सांगितली. तीत अनेक सुगंधी तेले होती, डांबरापासून बनणारे रंग होते, पाऱ्याची वाफ होती, चांदीची आणि सोन्याची संयुगे होती. सोने आणि सायनाइड यांची संयुगे तर वीस लाख भागांत एक भाग इतकी विरळ केली तरी जंतूंची वाढ रोखत होती. आज असा आकडा कोणाला मिळाला, तर तो निबंधाच्या शीर्षकातच जाईल. कॉख यांनी मात्र पुढचेही सांगितले : क्षय झालेल्या प्राण्यांवर ही सगळी द्रव्ये पूर्णपणे निष्प्रभ ठरली.

त्याच भाषणात त्यांनी ट्युबरक्युलिनचे, म्हणजे क्षयजंतूंपासूनच काढलेल्या अर्काचे, सूतोवाच केले आणि त्या बाबतीत हा संयम पाळला नाही. उपचार म्हणून ट्युबरक्युलिन फसले, आणि आशेने धावत आलेल्या रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली. सोन्याचा मोहही सुटला नाही. १९२०च्या दशकात सॅनोक्रायसिन नावाचे सोन्याचे संयुग क्षयावर सर्रास टोचले जाऊ लागले. शेवटी अमेरिकेत अँबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णांचे बारा-बारांचे दोन गट केले, कोणत्या गटाला सोने द्यायचे हे नाणे उडवून ठरवले, दुसऱ्या गटाला नुसत्या शुद्ध पाण्याची सुई दिली, आणि १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की सोन्याने फायदा होत नाही, विषबाधा मात्र होते. वीस लाखांत एक भाग या आकड्यापासून नाण्याच्या त्या उडवणीपर्यंत चाळीसेक वर्षे गेली. आपल्या प्लेटवरचे वर्तुळ हे सोन्याच्या त्या आकड्याच्या जागी उभे आहे, एवढे लक्षात ठेवावे ही माझी पहिली विनंती.

आता त्या वर्तुळाविषयी. ही पद्धत झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंसाठी आहे. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अर्क आगरमध्ये पसरतो आहे तोवरच जिवाणूंची वाढ दिसायला लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी लावून मोजता येते. क्षयजंतूला एकदा दुप्पट व्हायला वीसेक तास लागतात आणि घन माध्यमावर त्याची वसाहत डोळ्यांना दिसायला तीन ते आठ आठवडे. तेवढ्या काळात ३७ अंशांवर आगर सुकत जाते, अर्कातली उडून जाणारी द्रव्ये उडून जातात, नाजूक द्रव्यांचे विघटन होते, आणि उरलेले किती कुठवर पसरले याचा काही हिशोब राहत नाही. शिवाय क्षयजंतूची भिंत मेणासारख्या मायकोलिक आम्लांनी भरलेली असल्यामुळे तिच्यातून आत शिरण्याची शक्यता असते ती बहुधा तेलकट, पाण्यात न विरघळणाऱ्या द्रव्यांची, आणि नेमकी हीच द्रव्ये पाणीदार आगरमध्ये पसरत नाहीत. म्हणजे या पद्धतीत निकामी अर्क चांगला दिसू शकतो आणि कामाचा अर्क निकामी. वर्तुळाचा व्यास हा पुष्कळदा द्रव्य किती पसरते याचाच आकडा असतो. क्षयजंतूंच्या बाबतीत तो छापणे आपण थांबवावे.

स्मेग्मॅटिसविषयी मात्र मला टोकाची भूमिका घ्यायची नाही. बेडाक्विलिन हे औषधप्रतिरोधक क्षयावरचे महत्त्वाचे औषध स्मेग्मॅटिसवरच चाळणी लावून सापडले. २००५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि २०१२च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ज्यांनी ती चाळणी लावली, ते तिथे थांबले नाहीत. खऱ्या क्षयजंतूवर, प्रतिरोधक वाणांवर, उंदरांवर आणि मग माणसांवर ते गेले. उलट बाजूही आहे : आयसोनियाझिडसारखे बिनीचे औषध क्षयजंतूवर जेवढे चालते, त्याच्या पासंगालाही स्मेग्मॅटिसवर पुरत नाही, म्हणजे केवळ या चाळणीवर विसंबलो असतो तर ते हातचे गेले असते. स्मेग्मॅटिसवर काम केले असेल, तर शीर्षकात स्मेग्मॅटिस लिहावे. क्षयरोग हा शब्द तिथे येऊ नये.

क्षयजंतूवर थेट काम करायचे, तर आज बहुतेक जण ९६ खळग्यांच्या प्लेटवर करतात. द्रव माध्यम, अर्काची निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारी मात्रा, ठरावीक संख्येने जंतू. सात दिवसांनी रेझाझुरिन हा निळा रंग घालायचा. जिवंत जंतू त्याचा गुलाबी करतात, आणि जिथे वाढ थांबली तिथे निळा तसाच राहतो. पद्धत स्वस्त आहे, चांगली आहे, आणि फसवीही आहे. ती मला कशी फसवून गेली, ते सांगते.

माझ्या कामाचे तिसरे वर्ष होते. एका मुळीच्या अर्काच्या रांगेत पहिले चार खळगे लख्ख निळे राहिले होते, त्यांपुढचे गुलाबी. ती प्लेट मी कितीतरी वेळ सुरक्षा-कक्षाच्या काचेआड उजेडाकडे धरून पाहत राहिले. मार्गदर्शकांना बोलावून दाखवली. पुन्हा केली, तीच रंगसंगती आली. एका परिषदेसाठी सारांश लिहून पाठवला, तो स्वीकारलाही गेला. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी प्लेटचा आराखडा पाहून एकच विचारले, ‘शेजारच्या रांगेत काय आहे?’ शेजारच्या रांगेत एक सुगंधी तेल होते, आणि दोन्ही रांगांत सर्वांत मोठी मात्रा डावीकडे होती. त्यांनी मला माझी रांग उलट्या दिशेने लावायला सांगितले, मोठी मात्रा उजवीकडे. आठ दिवसांनी निळे खळगे पुन्हा डावीकडेच आले, जिथे माझा अर्क सर्वांत विरळ होता आणि शेजारचे तेल सर्वांत दाट. तेलाची वाफ झाकणाखालून पलीकडच्या खळग्यांत गेली होती. मुळीने काहीच केले नव्हते. सारांश मी मागे घेतला, आणि त्या प्रश्नाचे ऋण मी आजही मानते. दोनदा तेच उत्तर आले म्हणून ते खरे, असे तोवर मी मानत होते. चूकही तितक्याच इमानाने पुन्हा पुन्हा येते हे मला त्या प्लेटने शिकवले.

अशा जागा आणखी आहेत. पुष्कळ वनस्पतींतली ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये जंतूंच्या मदतीशिवाय स्वतःच रेझाझुरिनला गुलाबी करतात, आणि गडद हिरवा किंवा तपकिरी अर्क रंग झाकून टाकतो. म्हणून जंतूविना नुसता अर्क आणि रंग असलेला खळगा प्रत्येक मात्रेला हवाच. अर्क ज्यात विरघळवतो त्या डीएमएसओ या द्रावकाचे प्रमाण सगळ्या खळग्यांत सारखे आणि एक टक्क्याच्या आत हवे, आणि नियंत्रणाच्या खळग्यातही तेवढेच. कडेच्या खळग्यांतले पाणी उडते, त्यामुळे तिथे नुसते निर्जंतुक पाणी भरून प्रयोग आतल्या खळग्यांत करावा. शंभरपट विरळ केलेल्या जंतूंचा, विनाअर्काचा खळगा नसेल, तर ‘९९ टक्के वाढ थांबली’ हे म्हणायला आधार उरत नाही. माहीत असलेले औषध, आयसोनियाझिड किंवा रिफॅम्पिसिन, त्याच प्लेटवर असायला हवे आणि त्याचा आकडा अपेक्षित मर्यादेत यायला हवा. आणि निळा खळगा म्हणजे मेलेले जंतू नव्हेत. त्या खळग्यातला थेंब पुरेसा विरळ करून ताज्या घन माध्यमावर पसरावा आणि तीन-चार आठवडे वाट पाहावी. वसाहती उगवल्या, तर अर्काने जंतू मारले नव्हते, नुसते थोपवले होते. थोपवणारे द्रव्यही मोलाचे असू शकते, पण ‘जंतुनाशक’ हा शब्द त्याला लावता येत नाही.

मात्रेचा हिशोब आपल्या निबंधांत जवळजवळ नसतोच, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखादा कच्चा अर्क मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम इतक्या मात्रेला जंतू थांबवतो असे समजा. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. नुसत्या रक्तात ती मात्रा गाठायची, तर २५ ग्रॅम अर्क एका वेळी रक्तात विरघळलेला असायला हवा; तो पचनात नष्ट न होता, यकृताने न मोडता, मूत्रावाटे न जाता. मग फुप्फुसातल्या गाठीपर्यंत, जिथे रक्तवाहिन्याही नीट पोहोचत नाहीत, त्याने जायचे. आयसोनियाझिडला दाद देणारे जंतू मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅमला थांबतात, म्हणजे त्या अर्काच्या पन्नास हजारांश मात्रेला. कच्च्या अर्काशी शुद्ध औषधाची अशी तुलना सरळ करता येत नाही, हे मला मान्य आहे. अर्कात गुणकारी द्रव्य शंभरात एक भागच असू शकते, आणि तसे असेल तर १०० मायक्रोग्रॅमला चालणाऱ्या अर्कामागे एक मायक्रोग्रॅमला चालणारे द्रव्य दडलेले असेल. म्हणूनच कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपासची सीमा पुष्कळ जण मानतात, आणि ती वाजवी आहे. तिच्या आत आलेला अर्क वेगळा काढावा, त्याचे भाग पाडावेत. तिच्या कितीतरी पलीकडचा अर्क ‘आशादायक’ म्हणू नये.

भाग पाडताना काय होते, तेही लिहायला हवे. पुष्कळदा गुण भागाभागांत विखरून नाहीसा होतो. कधी शेवटी हाती लागते ते लिनोलेइक आम्लासारखे मेदाम्ल किंवा क्लोरोफिलशी जोडलेला फायटॉल, म्हणजे असंख्य पानांत सापडणारी द्रव्ये. मेदाम्ले क्षयजंतूला परीक्षानळीत घातक असतात हे फार जुने ज्ञान आहे. त्यांना बांधून ठेवण्यासाठीच तर आपण माध्यमात अल्ब्युमिन हे प्रथिन घालतो. ही द्रव्ये आहेत की नाहीत, हे आधी पाहून घेतले तर विद्यार्थ्याची दोन वर्षे वाचतात. टॅनिने, म्हणजे वनस्पतींतली तुरट द्रव्ये, कोणत्याही प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे ती जवळपास प्रत्येक चाचणीत गुणकारी भासतात. आणि जे द्रव्य जंतू मारते ते माणसाच्या पेशीही मारत असेल, तर ते नुसते विष आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशी निम्म्या मरण्याची मात्रा जंतू थांबवण्याच्या मात्रेच्या निदान दहापट असावी, हा संकेत सगळ्यांना माहीत आहे. तो आकडा जंतूंच्या आकड्याशेजारी, त्याच तक्त्यात छापला जावा.

आता दुसरी बाजू, कारण चाचणी अपयशी ठरली म्हणून वनस्पती बाद, असेही नसते. पायराझिनामाइड हे क्षयावरचे औषध नेहमीच्या माध्यमात जवळजवळ निष्क्रिय असते. त्याला आम्लधर्मी परिसर लागतो. १९५२ मध्ये ते पुढे आले ते उंदरांवरच्या प्रयोगांमुळे, आणि उपचारांचा काळ सहा महिन्यांवर आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे. वाढ थांबवून सुप्त बसलेले जंतू हीच क्षयाच्या उपचारांतली खरी अडचण आहे, आणि भरभर वाढणाऱ्या जंतूंवरची चाचणी त्यांच्याविषयी काही सांगत नाही. कमी प्राणवायूत ठेवलेल्या जंतूंवरची चाचणी ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावी. मिरीतले पिपेरिन स्वतः जंतू मारण्यात दुबळे आहे, पण जंतू ज्या पंपाने औषध बाहेर फेकतो त्यांपैकी एक पंप ते अडवते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अडुळशाचे उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन घडवले गेले आणि त्यातून अँब्रॉक्सॉल आले. दोन्ही कफ पातळ करणारी औषधे. ज्यांनी पिढ्यानपिढ्या अडुळसा खोकल्यावर वापरला, त्यांचे निरीक्षण अचूक होते. पण खोकला सुटणे आणि जंतू मरणे या दोन गोष्टी आहेत, आणि परंपरेने जे सांगितलेच नव्हते ते तिच्या तोंडी घालणे हा परंपरेचाही मान नव्हे.

त्या परंपरेचा मान राखायचा, तर वनस्पतीची ओळख नीट नोंदवावी. स्थानिक नाव एक आणि वनस्पती तीन, हा अनुभव प्रत्येकाला आहे. वनस्पतिसंग्रहालयात जमा केलेला, क्रमांक असलेला नमुना. कोणता भाग, कोणता ऋतू, कशात वाळवला, कोणत्या द्रावकात किती वेळ भिजवला, हे नसेल तर दुसऱ्या कोणाला तोच अर्क पुन्हा करता येत नाही, आणि जे पुन्हा करता येत नाही त्यावर पुढचे काम उभे राहत नाही. ज्ञान ज्या समाजाकडून आले त्याची परवानगी आणि त्याचा वाटा यांविषयीचा नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आहे. त्याचा उल्लेख आभाराच्या ओळीत उरकला जाऊ नये.

मार्गदर्शकांना एक वेगळी विनंती आहे. क्षयजंतू हवेतून पसरतात आणि लागण व्हायला थोडे जंतू पुरतात. दाबनियंत्रित हवा, सुरक्षा-कक्ष, योग्य मुखपट्टी आणि प्रशिक्षण नसलेल्या खोलीत जिवंत क्षयजंतू हाताळायला कोणाही विद्यार्थ्याला पाठवू नका. पदवीची मुदत संपत आली आहे म्हणून तर मुळीच नाही. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी अर्क, त्याचे भाग, त्यांची रासायनिक ओळख आणि पेशींवरची सुरक्षितता एवढे काम उत्तम करावे, आणि जंतूंवरची चाचणी सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे सोपवावी. आम्हा सोय असलेल्यांचेही चुकते. बाहेरून आलेले नमुने आम्ही महिनोन्‌महिने शीतपेटीत पडू देतो आणि विद्यार्थी शेवटी आगरच्या प्लेटकडे वळतो. त्या वर्तुळांचा अर्धा दोष आमचा आहे. शिवाय आम्ही सगळे एच३७आरव्ही या एकाच वाणावर विसंबतो. त्याचा मूळ नमुना १९०५ मध्ये एका रुग्णापासून घेतलेला आहे. संदर्भासाठी तो असावाच, पण निवडक अर्क आजच्या रुग्णांच्या, प्रतिरोधक जंतूंवरही तपासले जावेत, आणि ते वाण आमच्याकडे आहेत.

संपादकहो, आपल्या हाती सर्वांत जास्त आहे. निष्फळ ठरलेले अर्क छापा. शंभर वनस्पती तपासल्या आणि सत्त्याण्णव निष्फळ ठरल्या, तर ती सत्त्याण्णव नावे पुढच्या माणसासाठी मोलाची असतात. आज ती वहीत राहतात आणि तीच वनस्पती दुसरीकडे कोणीतरी नव्याने वाटत बसतो. शीर्षकात ‘क्षयरोगविरोधी’ऐवजी ‘क्षयजंतूंची परीक्षानळीतील वाढ रोखणारा’ असे लिहायला लावा, शब्द लांबले तरी चालतील. मात्रेचा आकडा सारांशात आणा. आणि ‘या निष्कर्षांवरून रुग्णांनी उपचारांत कोणताही बदल करू नये’ हे वाक्य सारांशातच असू द्या, कारण रुग्णाच्या खिशात जातो तो सारांश. रिफॅम्पिसिन यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा वेगवान करते, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यकृतावर ताण आणतात. अशा शरीरात न तपासलेला अर्क काय करील, हे आपल्यापैकी कोणीही प्लेटकडे पाहून सांगू शकत नाही.

त्या तरुणाचा कागद मी मागून घेतला नाही, पण त्याच्या परवानगीने त्याची प्रत काढून घेतली. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि नव्याने कामाला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ती वाचायला देते. तो स्वतः प्रतिरोधक क्षयाचे लांबलेले उपचार पुरे करून गेला. शेवटच्या नमुन्यात सहा आठवडे पाहूनही काही वाढले नाही, तेव्हा तो अहवाल मी माझ्या हाताने लिहिला.

ज्यांना आपले अर्क क्षयजंतूंवर तपासून हवे आहेत पण सोय नाही, त्यांनी वाळवलेला अर्क, नमुना क्रमांक आणि पेशींवरच्या चाचणीचा आकडा घेऊन अशा एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेकडे जावे, आणि आमच्यासारख्यांनी तो तीन महिन्यांच्या आत, निकाल काहीही असो, लेखी उत्तरासह परत द्यावा, असा नियम आपण आपसांत करू या. माझ्यापुरता तो मी आजपासून पाळते आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
क्षयजंतूंच्या प्रयोगशाळेतील एक संशोधिका